गलबताचा डावा डोळा

मंडळी, मागच्या वेळी माझ्या जुन्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्यांपाशी थांबलो होतो. ते काम संपलं. पिना नव्या, बुश नवे, आणि दार उतरवताना जॅकवर पाट ठेवून दिलेला टेकू. ही दारं एवढी लांब आणि जड की चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती स्वतःच्या वजनानंच खाली येतात, मग लावताना दर वेळी किंचित उचलून ढकलावी लागतात. आता लागत नाहीत. एवढंच. बिजागऱ्यांवर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही आणि फोटो तुम्ही पाहिलेतच.

आता डोळ्याकडे येतो, म्हणजे डाव्या हेडलाइटवरच्या झडपेकडे. पूर्ण हिवाळा त्यात गेला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९७८ ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फाइव्ह. दोन दारं, लांबी २३० इंच, म्हणजे ५.८ मीटरच्या वर. माझं गॅरेज आतून वीस फूट, त्यामुळे पुढे-मागे मिळून दहा इंच उरतात. छतापासून दोरीला टेनिस बॉल टांगलाय, तो काचेला टेकला की ब्रेक. गाडीचा नंबर ८ वाय ८९ एस असा सुरू होतो. ८ म्हणजे ७८ साल, वाय म्हणजे फोर्डचा मिशिगनमधला विक्समचा कारखाना, ८९ म्हणजे मार्क फाइव्ह आणि एस म्हणजे ४०० घनइंचाचं इंजिन. विक्सम आमच्या गावाला, नोव्हायला, लागूनच. तो कारखाना १९५७ ला सुरू झाला आणि २००७ ला बंद पडला. सगळ्या मार्क फाइव्ह तिथल्याच: तीन वर्षांत २ लाख २८ हजारांवर. त्यातली एक इतकी वर्षं फिरून माहेरच्या वेशीवर परत आलीय, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, माहेरी आलेली बाई चार दिवसांनी परत जाते.

ही माझी दुसरी मार्क फाइव्ह. पहिली १९८७ साली घेतली. तेव्हा मी डेट्रॉइटला वेन स्टेट विद्यापीठात एम. एस. करत होतो. आज लोकांना वाटतं की मला तेव्हापासूनच अशा गाड्यांची आवड असणार. आवड कसली! ती सगळ्यात स्वस्त होती. नऊ वर्षं जुनी, ७०० डॉलर. बाकीची मुलं दोन-अडीच हजारांची जुनी कोरोला नाहीतर होंडा घेत. १९७९ च्या तेलटंचाईनंतर गॅलनला दहा-अकरा मैल देणारं हे धूड सगळ्यांना नकोसं झालं होतं. ८६ साली पेट्रोल घसरून गॅलनला डॉलरच्या आत आलं, पण लोकांचा धसका गेला नव्हता. त्या मधल्या फटीत आमच्यासारख्या फाटक्या विद्यार्थ्यांना कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या नावाचं घड्याळ असलेली गाडी मिळाली. घड्याळ बंद होतं, ही गोष्ट वेगळी.

सांगलीला आमच्याकडे बजाजची स्कूटर. पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण. मी इकडे यायच्या सुमारास मारुती ८०० नवी होती, गल्लीत एकाकडे आली तर सगळी गल्ली बघायला गेली होती. तिचं इंजिन ७९६ सीसी. आता हा हिशेब करा: ४०० घनइंच म्हणजे ६.६ लिटर, भागिले आठ. माझ्या गाडीचा एकेक सिलिंडर सव्वाआठशे सीसीचा. म्हणजे बॉनेटखाली आठ मारुत्या, आणि सगळ्या मिळून हॉर्सपॉवर किती, तर १६६. त्या काळच्या प्रदूषणाच्या नियमांनी या इंजिनांचा गळा आवळला होता. मी बाबांना पत्रात गाडीचं वर्णन लिहिलं. उलट आलेल्या एरोग्राममध्ये गाडीबद्दल एकच ओळ होती: ‘किती देते?’ मी उत्तरात अभ्यासाबद्दल लिहिलं.

आणि अशा गाड्यांना ‘पर्सनल लक्झरी’ म्हणत, तो प्रकार तरी काय होता? १९५८ ला फोर्डनं थंडरबर्डला मागची सीट दिली तिथून हे सुरू झालं असं मी धरतो. ६३ ला ब्यूइकची रिव्हिएरा आली (माझ्या मते या सगळ्यांत दिसायला हीच एक नंबर, भांडायचं असेल तर भांडा), ६६ ला ओल्ड्समोबीलची टोरोनाडो, ६७ ला तिच्याच धर्तीवर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी कॅडिलॅकची एल्डोराडो. मग फोर्डच्या ली आयकोका यांनी थंडरबर्डला रोल्स-रॉइससारखी जाळी लावायला सांगितली आणि लिंकनची मार्क थ्री तयार झाली. सत्तरच्या दशकात मॉन्टे कार्लो, कॉर्डोबा, ज्याची त्याची एकेक. सूत्र एकच: लांबलचक बॉनेट, छोटी डिकी, दोनच दारं, मागे बसणाऱ्याचे हाल, आणि चालवणाऱ्याला दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. वेग नको, सामान नको, कुटुंब तर नकोच. स्कूटरवर चौघं बसून वाढलेल्या मुलाला ‘एकट्यासाठी एवढी मोठी गाडी’ ही कल्पनाच चोरट्या सुखासारखी होती.

प्रत्यक्षात ती कधी एकट्यासाठी चालली नाही. आम्ही पाच रूममेट, शिवाय शेजारचे दोन तेलुगू. दर शनिवारी तांदूळ-डाळीच्या दुकानाला सातजण. पुढच्या बाकावर तीन, मागे चार, मागच्या लंबवर्तुळाकार काचेला कोणाचा तरी गाल चिकटलेला. वळणावर गाडी आधी कलायची, मग विचार करून वळायची. आमच्यातला एक मालवणचा. पहिल्याच दिवशी त्यानं तिचं नाव ‘गलबत’ ठेवलं.

गलबताचे डोळे झाकलेले. मार्क फाइव्हला हेडलाइटवर झडपा असतात, दिवे लावले की वर जातात, बंद केले की खाली येतात. त्या चालतात व्हॅक्यूमवर. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीतलीच थोडी नळीनं बाजूला घ्यायची, एका टाकीत साठवायची आणि दिव्याच्या बटणामागच्या व्हॉल्व्हमधून पुढच्या दोन व्हॅक्यूम मोटरींना द्यायची. मोटर म्हणजे डबा आणि आत रबरी पडदा. कुठे गळती झाली तर स्प्रिंग झडप उघडी करते, म्हणजे रात्री दिवे झाकलेले राहून कोणी अंधारात आपटू नये. शहाणपणाची योजना आहे. परिणाम असा की गाडी उभी केली की रात्रीतून तिचे डोळे हळूहळू उघडतात. आमच्या गलबताचा फक्त डावा उघडायचा. सकाळी खिडकीतून बघून मालवणकर सांगायचा, ‘आज पावच उघडलाय, रात्री कोणीतरी नेली होती.’ एकदा माझी चोरी अशीच पकडली गेली होती. कुठे गेलो होतो ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

तर आताची गाडी. दोन वर्षांपूर्वी घेताना विकणारा म्हणाला, डावी झडप मिटत नाही, म्हणून दोनशे डॉलर कमी द्या. मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. खरं तर त्याबद्दल मी दोनशे जास्त दिले असते.

नोव्हेंबर. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी आत घेतली. इंजिन गरम करून ते हवा ओढतं त्या मॅनिफोल्डवर व्हॅक्यूमचा गेज लावला: पाऱ्याचे १८ इंच, सुई स्थिर. इंजिन निरोगी. म्हणजे गळती पुढे कुठेतरी.

डिसेंबर. व्हॅक्यूमचा हातपंप घेऊन एकेक तुकडा सुटा तपासला. एकेरी व्हॉल्व्ह फुंकून बघितला, एकीकडून जाते, दुसरीकडून नाही, ठीक. टाकीला १५ इंच देऊन जेवायला गेलो, आलो तर १५ च. बटणामागचा व्हॉल्व्ह किंचित सोडत होता, पण त्याच्यावर फाशी द्यावी इतकं नाही. नळ्यांवर रंगीत रेघा असतात, कुठली कुठे जाते ते कळायला. माझ्या नळ्यांवरच्या रेघा उडून सगळ्या एकाच मळकट रंगाच्या झाल्यात. चिकटपट्टीवर नंबर लिहून लावले. हे आधी करा, नळी काढल्यावर नाही. मी तीन नळ्या काढल्यावर केलं आणि एक पूर्ण रविवार आकृतीसमोर बसून घालवला.

नाताळच्या सुट्टीत मुलगी आली होती. तिचे हात बारीक, म्हणून तिला डाव्या फेंडरच्या आत हात घालायला लावला. ती म्हणाली, ‘बाबा, इथे नळीत काहीतरी कडक आहे.’ नळी बाहेर ओढली. टोकाला गोल्फची टी! पांढरी, लाकडी, मानेपर्यंत घट्ट रुतलेली. कोणीतरी डाव्या मोटरीची नळी टीनं बंद करून टाकली होती. माणूस आळशी होता, पण मूर्ख नव्हता. फाटलेल्या मोटरीतून सगळ्या गाडीचा व्हॅक्यूम जाऊ नये म्हणून त्यानं ती वाटच बुजवली. तिथेच, माळ्यावरची जुनी वही सापडावी तसं, मला ८७ सालचं एक कोडं सुटलं.

सांगतो. या गाडीत हीटरच्या आतल्या झडपाही व्हॅक्यूमवर, पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो तोही व्हॅक्यूमवर. आणि व्हॅक्यूम कमी पडला की हीटरची सगळी हवा पुढच्या काचेवर जाते, तशीच योजना आहे. आमच्या गलबतात कायम काचेवरच हवा यायची. काच छान स्वच्छ, आणि आमचे पाय बर्फ. आम्हाला वाटलं, अमेरिकन लोकांना पाय गार नसतील. तीन हिवाळे आम्ही दोन-दोन मोजे घालून ती गाडी चालवली, मालवणकर तर पायावर गोधडी घ्यायचा, आणि ती सगळी थंडी बहुधा त्याच डाव्या डोळ्यातून येत होती. फूटभर नळी आणि एक पाच पैशांची टी एवढ्यावर भागलं असतं. इंजिनिअर होतो आम्ही. पाचही.

जानेवारी वाया गेला. आधी ऑर्डर केलेली दुरुस्त मोटर आली, ती हातपंपावर चार सेकंदांत शून्यावर. परत पाठवली. दुसरी आली ती उजव्या बाजूची. फोनवरचा माणूस मला म्हणाला, दोन्ही सारख्याच असतात. नसतात. शेवटी ओहायोतल्या एका भंगारवाल्याकडे ७९ ची गाडी उभी होती, तिची डावी मोटर काढून आणली. जुनीच, पण पडदा मऊ आणि शाबूत. दहा मिनिटांत सुई केसभरही हलली नाही.

फेब्रुवारीत नळ्या बदलल्या. सगळ्या. एकेक बदलत बसलात तर जुनी शेजारीण रुसते आणि पुढच्या आठवड्यात ती तडकते. टोकं कापताना कात्री वापरू नका, नळी चेपते आणि तोंड तिरकं होतं. धारदार पातं, एकच घाव. रबर बसत नसेल तर थुंकी पुरते, तेल लावू नका.

मार्चचा दुसरा आठवडा. इंजिन चालू, दिव्याचं बटण ओढलं. दोन्ही झडपा एकदम वर गेल्या, कुरकुर नाही. बटण आत. दोन्ही खाली. बाहेर उभी असलेली बायको म्हणाली, ‘झोपली.’ मी आतमध्ये बसूनच हीटर पायांवर वळवला. पायांवर गरम हवा आली. मार्क फाइव्हमध्ये ती मला पहिल्यांदाच लागली.

रात्री नऊला गाडी बंद केली. सकाळी सहाला चहाच्या आधी गॅरेजमध्ये गेलो. मिटलेला. दुसऱ्या दिवशी मिटलेला. पाचव्या दिवशीही, आणि त्या दिवशी मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. अशी गाडी आमच्याकडे कधी नव्हती.

मालवणकर आता गावी असतो, सुरंगीचं झाड आणि एक बोटीचं इंजिन यांत रमलेला. व्हिडिओ कॉलवर त्याला गाडी दाखवली. पुढून, मागच्या डिकीवरचा तो स्टेपनीचा खोटा फुगवटा, आतली गादी. तो नुसता हूं हूं करत होता. मग म्हणाला, डावो डोळो दाखव. दाखवला. थोडा वेळ गप्प. ‘मगे ती आपली न्हय.’

पुढचं काम घड्याळ. काटे शाबूत आहेत, आतलं यंत्र अडकलंय. कोणी उघडलं असेल तर मागची झाकणाची पत्री कशी सोडवली ते सांगा, मला वाकवायची नाही. छताच्या विनाइलखाली गंज आहे का हे बघायची हिंमत अजून झालेली नाही. ऑगस्टात वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, यायचा विचार आहे. सात जागा धरून येतोय, पैकी पाच रिकाम्या आहेत, कोणी येणार असाल तर कळवा.

गोल्फची टी फेकलेली नाही. अॅशट्रेत ठेवलीय. हाताशी असावी.