काट्यावरच्या बारा चिठ्ठ्या

संप त्यांच्या युनियनचा होता, आमच्या नाही. कारखाना एक, मालक एक, युनियन दोन. लोडिंग, गोदाम आणि वजनकाटा त्यांच्याकडे. ऑफिस, डिस्पॅच आणि पॅकिंग आमच्याकडे. त्यांनी रीतसर नोटीस देऊन काम थांबवलं. आमचा करार अजून चालू होता, मुदतीत संप करायचा नाही असं कलम त्यात होतं, म्हणून पहिल्या दिवशी गेटवर उभ्या असलेल्यांना नमस्कार करून मी आत गेले. कुणी अडवलं नाही.

दहाच्या सुमारास साहेब टेबलापाशी आले. "दोन तास काट्यावर बसता का? तुम्हाला सगळं येतंच."

येत होतंच. काट्यावरच्या काकांनीच शिकवलं होतं. रिकाम्या गाडीचं वजन आधी, भरल्यावर पुन्हा, मग वजाबाकी. चिठ्ठी तीन प्रतींत: एक ड्रायव्हरला, एक गेटवर, एक पुस्तकात. आणि गाडी उतरल्यावर काटा शून्यावर आला नाही, तर आधी काट्याच्या फटीतला चिखल काढायचा. त्यासाठी त्यांनी पत्र्याची एक पट्टी खिडकीत ठेवलेली असायची. त्या दिवशीही ती तिथेच होती.

मी बसले. चलन मीच करते, बिलं मीच करते, चिठ्ठीने काय होतं, असं मनाला सांगितलं. दोन तासांचे सहा तास झाले. बारा गाड्या बाहेर पडल्या. माल भरायला ठेकेदाराची माणसं आणली होती, पण चिठ्ठी नसेल तर गेटवरून गाडी सुटत नाही. म्हणजे त्या दिवशी संपामुळे माल ज्या एका जागी अडला असता, तिथे मी बसले होते.

संध्याकाळी बाहेर पडताना काका पुढे आले. एका ड्रायव्हरच्या चिठ्ठीचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होता. "ताई, सही तुमचीच ना?" एवढंच विचारलं. आवाज जराही चढला नव्हता. मी हो म्हटलं. ते परत आपल्या माणसांत जाऊन उभे राहिले.

त्या रात्री नेमणूकपत्र काढून वाचलं, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा. त्यात काट्याचा उल्लेख कुठेच नव्हता. मग आमच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "आपण तटस्थ आहोत." मी विचारलं, बारा गाड्या मी बाहेर काढल्या, त्या तटस्थ राहून काढल्या का? माझं स्वतःचं काम करणं हे तटस्थ राहणं झालं. त्यांची खुर्ची रिकामी असताना तिथे बसले, तेव्हा मी मालकाच्या बाजूने उतरले होते, मनात काहीही असलं तरी.

आमच्याकडे लगेच सगळे म्हणतात, दुसऱ्यांच्या संपाला पाठिंबा दिला की बेकायदा. एवढं सरसकट नाही ते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटन-स्वातंत्र्य समितीचं म्हणणं असं की मूळ संप कायदेशीर असेल तर सहानुभूतीचा संपही कामगारांना करता आला पाहिजे. देशोदेशीचे कायदे मात्र वेगळे. ब्रिटनमध्ये १९९०च्या कायद्याने दुसऱ्या मालकाकडच्या संपासाठी काम थांबवायला सांगणाऱ्या युनियनचं कायदेशीर संरक्षण काढून घेतलं. उलट स्वीडनमध्ये टेस्लाच्या मेकॅनिकांनी ऑक्टोबर २०२३मध्ये संप केला, तेव्हा गोदी कामगारांनी त्या गाड्या उतरवायचं थांबवलं आणि टपाल कामगारांनी नंबरप्लेटा पोचवायचं.

टपालावरून मला लंडनच्या ग्रनविकची आठवण होते. फोटो धुऊन देणारा कारखाना, ऑगस्ट १९७६मध्ये सुरू झालेला संप, संपावर बहुतेक दक्षिण आशियाई बायका, आणि त्यांच्या पुढे उभ्या जयाबेन देसाई. गिऱ्हाइकांचे रोल टपालाने यायचे. लंडनच्याच क्रिकलवूड भागातल्या टपाल कामगारांनी ते टपाल हाताळायला नकार दिला, तेव्हा मालकाचा श्वास कोंडला. जुलै १९७८मध्ये संप मागे घेतला तेव्हा नोकऱ्या परत मिळाल्या नव्हत्या, हेही खरं. पण त्या टपालवाल्यांना नेमकं ठाऊक होतं की कारखान्याचं चाक आपल्या हातावरून फिरतं. मला ते बारा गाड्या गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले. मी म्हटलं, "माझं डिस्पॅचचं सगळं काम मी करते. काट्यावर बसायचं असेल तर तसं लेखी द्या, कोणाच्या जागी आणि किती दिवस तेही लिहा." हात थरथरत होते, ते मी टेबलाखाली धरले. साहेब "बघतो" म्हणाले. लेखी काही आलं नाही. ते स्वतः काट्यावर बसले आणि दिवसभरात चारच गाड्या सुटल्या. पॅकिंगमधल्या दोघींना गोदामात पाठवायचं चाललं होतं, त्यांनीही लेखीच मागितलं. ओव्हरटाइमला आम्ही कुणी थांबलो नाही; आमच्या करारात तो ऐच्छिकच आहे. प्रत्येकीने एका दिवसाचा पगार काढला आणि जेवणाच्या सुट्टीत गेटवर नेऊन दिला.

अकराव्या दिवशी समझोता झाला. काका कामावर आले. चिठ्ठीपुस्तकात माझ्या बारा प्रती तशाच होत्या. मी समोर उभी राहून माफी मागितली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "वजनं बरोबर घेतलीत." मला त्या क्षणी रडू आलं, आणि मी आत निघून आले.

आता आमच्या युनियनच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. मजकूर असा: "कारखान्यातली दुसरी युनियन रीतसर संपावर असताना आपले सभासद त्यांचं काम करणार नाहीत. आग, बॉयलर आणि जखमी माणूस एवढे अपवाद. लेखी हुकूम आला तर उत्तर सभासद देणार नाही, युनियन देईल." शेवटचं वाक्य काढा म्हणून सेक्रेटरी मागे लागलेत. मी काढणार नाही, कारण टेबलाखाली हात धरून एकटीने बोलायची वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये. अनुमोदन पॅकिंगमधल्या त्या दोघींपैकी एक देणार आहे.