१९५१ ची पाटी

११ जुलै, मंगळवार. स्यूअर्ड, अलास्का

पावणेसातची गाडी पकडायची म्हणून अँकरेजच्या हॉटेलात आई पहाटे साडेचारलाच उठून, वेणीफणी करून बसली होती. बाहेर लख्ख उजेड. तिला वाटलं, आपल्याला उशीर झाला! जुलैत इथे आकाशाकडे बघून वेळ सांगताच येत नाही. आता हे लिहितेय तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेत, आणि दिवा न लावता लिहितेय.

गाडीचा प्रवास साडेचार तासांचा. सुरुवातीला कितीतरी वेळ रूळ टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या कडेकडेने जातात. खाडीच्या टोकाला करड्या, वठलेल्या झाडांचं रान दिसलं. १९६४ च्या भूकंपात तिथली जमीन खाली बसली, भरतीचं पाणी मुळांशी शिरलं आणि झाडं उभ्याउभ्या मेली. मीठ मुरल्यामुळे लाकूड अजून टिकून आहे. आईला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "खारबंदी फुटली की आपल्याकडे भातखाचराचं हेच होतं." ती हर्णैची. समुद्राच्या बाबतीत तिला समजावून सांगावं लागत नाही.

स्यूअर्ड गाव अगदी लहान. वस्ती जेमतेम पावणेतीन हजार. एका बाजूला रेझरेक्शन बे, दुसऱ्या बाजूला थेट घरांच्या परसात उतरणारा डोंगर, मधल्या पट्ट्यात बसलेलं गाव. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. हा उपसागरही तसाच, म्हणून काठापासून थोडं आत गेलं की पाणी एकदम खोल. हिवाळ्यातही तो गोठत नाही. १९०३ मध्ये रेल्वे काढायला माणसं इथे उतरली ती त्याच कारणाने. गावाला नाव दिलं ते १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेणाऱ्या मंत्र्याचं. उपसागराचं नाव मात्र रशियन काळातलं. बारानोव्ह नावाचा रशियन व्यापारी वादळात सापडला होता, त्याला इथे आसरा मिळाला तो ईस्टरच्या दिवशी, म्हणून रेझरेक्शन. पुनरुत्थान.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो आणि आईचा चेहराच बदलला. दिवसभर गळ टाकून परतलेल्या होड्या लागत होत्या. माणसं आपापले मासे आकड्यांना टांगून फोटो काढत होती आणि बाजूच्या लांब टेबलांवर एक पोरगी हॅलिबट सोलत होती. मांदेली कापावी इतक्या सहज. पाठीच्या कण्यालगत एक चीर, मग पातं आडवं घालून एका सलग ओढीत अख्खी तुकडी बाजूला. काट्याला मांस म्हणून राहिलं नाही. आई टेबलाच्या अगदी जवळ जाऊन वाकून बघायला लागली. चपटा मासा, एक बाजू पांढरीफटक, दुसरी मातकट, आणि दोन्ही डोळे त्या मातकट बाजूला.

"अगं, हा तर लेपा!" ती मोठ्याने म्हणाली. "केवढा वाढलाय बघ!"

खरंच त्याच घाटाचा मासा. आमच्याकडे लेपा तळहाताएवढा, रव्यात घोळवून तळायचा. हा धाकट्या भाचीएवढा होता. त्या पोरीला मी इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईच्या गावी याचा छोटा भाऊबंद मिळतो. तिने सुरी खाली ठेवली, डोकं उचलून आईसमोर धरलं आणि सांगितलं की पिल्लू असताना याचे डोळे दोन बाजूंना असतात, वाढताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो. आईला हे ठाऊक नव्हतं. साठ वर्षं लेपे साफ केले आणि हे आज कळलं, असं ती जेवतानाही दोनदा म्हणाली.

जेवून काठाने फिरायला गेलो. गवत, तंबू, कॅरव्हॅन, शेकोट्या, सायकलवरची मुलं. हे जुनं बंदर होतं. २७ मार्च १९६४, गुड फ्रायडे, संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चारपाच मिनिटं जमीन हलत राहिली. तेवढ्या वेळात एक किलोमीटरहून लांब किनारपट्टी, धक्के आणि गोदामांसकट, घसरून उपसागरात गेली. तेलाच्या टाक्या फुटून पेटल्या. मग लाटा आल्या, आणि पाण्यावर तरंगणारं जळतं तेल त्यांच्याबरोबर गावात शिरलं. लोकांनी नंतर बंदर उपसागराच्या टोकाशी हलवलं आणि ही जागा मोकळी ठेवली. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. समुद्राकाठच्या जमिनीला आज काय भाव असतो ते आपण जाणतो, आणि इथे साठ वर्षं तिच्यावर फक्त तंबू लागतायत.


१२ जुलै, बुधवार

आज बोट. सकाळपासून सायंकाळपर्यंत, केनाई फियोर्ड्स राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याने आयालिक हिमनदीपर्यंत. उद्यान १९८० मधलं. बंदरातून निघताच एक पाणमांजर पाठीवर तरंगत होतं, पोटावर पिल्लू, पिल्लाचे केस कापसासारखे पिंजलेले. पुढे कड्यांवर पफिन. नारिंगी चोच, आखूड पंख, आणि उडताना इतकी फडफड की आपल्यालाच दम लागावा.

उपसागराबाहेर पडल्यावर खुल्या समुद्राच्या लाटा लागल्या आणि माझी अवस्था वाईट झाली. आई मात्र खांबाला हात लावून निवांत उभी. पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "चघळ. आणि खाली बघू नकोस, लांब किनाऱ्यावर नजर ठेव." मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, तिने सांगितलं तसं निमूटपणे केलं. वीस मिनिटांत बरं वाटलं. अमेरिकेत अठरा वर्षं काढून मी तिला जग दाखवायला निघालेय, आणि बोटीवर सांभाळतेय ती मला.

आयालिक बेमध्ये वळल्यावर पाणी शांत झालं आणि रंग बदलला. दुधात चिमूटभर हिरवा रंग कालवावा तसं. हिमनदी खडक दळत खाली येते, ते पिठासारखं बारीक झालेलं दगडाचं चूर्ण पाण्यात तरंगत राहतं. मग बर्फाचे तुकडे दिसायला लागले, त्यांच्यावर पिल्लांसह पहुडलेली सीलं. आणि समोर ती. जवळजवळ दीड किलोमीटर रुंद निळी भिंत. निळी, कारण वर्षानुवर्षांच्या वजनाने बर्फ इतका दाबला जातो की त्यातली बहुतेक हवा निघून जाते आणि असा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो. पण कारण माहीत असूनही पहिल्यांदा बघताना कुणीतरी आतून दिवा लावलाय असंच वाटतं.

कप्तानाने इंजिन बंद केलं. शंभरेक माणसं, कुणी बोलेना. आणि त्या शांततेत सगळीकडून बारीक तडतड ऐकू येत होती, फोडणीत मोहरी तडतडते तशी. वितळणाऱ्या तुकड्यांत अडकलेली जुनी हवा फुटून बाहेर पडत होती. एका खलाशाने जाळीने एक तुकडा वर काढला आणि हातोहात फिरवला. आईने तो पदर दुमडून धरला. काचेसारखा आरपार, आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे रांगेने थांबलेले. तिने तो कानाशी नेला. कितीतरी वेळ तशीच उभी होती, पदर भिजून थेंब पायावर पडत होते तरी. मग मला दिला, मीही ऐकलं.

तेवढ्यात भिंतीचा एक सुळका सुटला. आधी दिसलं, आवाज नंतर पोचला, पोटात जाणवणारा. त्यानंतर लाट येऊन बोट हळूच उचलली गेली.

परतीच्या वाटेवर मार्गदर्शकाने १९८९ चं सांगितलं. २४ मार्चला एक्झॉन व्हाल्डेझ जहाज पूर्वेकडच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि एक कोटी दहा लाख गॅलनच्या घरात तेल सांडलं. ते वाहत याच कड्यांपर्यंत आलं. तेलाने माखलेली पाणमांजरं धुवायला स्यूअर्डमध्ये केंद्र उघडलं होतं. अपघाताचा तो दिवसही गुड फ्रायडेच. नुकसानभरपाईच्या पैशांतून १९९८ मध्ये गावात समुद्री जीवांचं संशोधन आणि उपचार केंद्र उभं राहिलं, पण उतरलो तोवर आम्ही इतक्या थकलो होतो की ते राहून गेलं.


१३ जुलै, गुरुवार

एक्झिट ग्लेशियर. हिला बोट लागत नाही, गावाबाहेरून रस्ता जातो. वर डोंगरमाथ्यावर हार्डिंग आइसफील्ड आहे, सुमारे ७०० चौरस मैल बर्फ, आणि त्यातून चाळीसेक हिमनद्या चहूकडे उतरतात. १९६८ मध्ये ते बर्फाचं पठार पायी ओलांडणारी पहिली तुकडी इथून खाली उतरली, म्हणून हिचं नाव एक्झिट.

रस्त्याच्या कडेला पाट्या सुरू होतात. त्यांवर फक्त साल. ना माहिती, ना चित्र. मैलाचे दगड असावेत असं आधी वाटतं. मग कळतं की त्या त्या साली हिमनदीचं टोक तिथे होतं. १८१५ पासून आजवर ती दोन किलोमीटरहून जास्त मागे गेलीय. १९१७ ची पाटी आली तेव्हा आम्ही गाडीतच होतो, आजूबाजूला दाट झाडी, बर्फाचा मागमूस नाही. आई काचेला नाक लावून आकडे वाचत होती.

गाडी लावून चालायला लागलो. पायवाट सपाट, दोन्हीकडे कॉटनवुडची झाडं, खाली नेचे. १९२६ मागे पडलं. आणि मग एका वळणावर आई थांबली.

"हे माझं."

१९५१.

ती पाटीपाशी गेली, तिला हात लावला. आजीने सांगितलेलं तिला आठवत होतं: आषाढात जन्म, तीन दिवस पाऊस, सुईण होडीतून आणावी लागली होती. "मी तिथे झोळीत होते," ती म्हणाली, "तेव्हा इथे बर्फ होता. इथे. आपण उभ्या आहोत तिथे." तिने पुढे नजर टाकली. हिमनदी झाडांमधून तुकड्यातुकड्याने दिसत होती, लांब, वर, खडकांच्या पलीकडे.

हवामानबदलावर मी इतकं वाचलंय, ऑफिसात त्यावर बोललेही आहे. पण हे अंतर बघून माझा घसा दाटला. आलेखावरच्या रेषेला आईची उंची नसते.

पुढची वाट चढाची, दगडांची. आईने गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथल्या एका मोठ्या दगडावर बसली. "जा तू. तू इकडे आलीस ते साल बघून ये. मी इथे एक्कावन्नमध्ये बसते."

मी गेले. झाडं बुटकी होत गेली, मग आल्डरची झुडपं, मग उघड्या खडकावर शेवाळ आणि फायरवीडची गुलाबी फुलं. जितकं वर जावं तितकी जमीन कोवळी. वरच्या सज्जापाशी २००५ ची पाटी. मी लग्न होऊन सिएटलला आले ते वर्ष. त्या वर्षी बर्फ इथे होता आणि मला याचा पत्ता नव्हता, मी तेव्हा बसचे रूट पाठ करत होते. २०१० ची पाटी त्याच्याही पुढे. आणि त्यापलीकडे नुसता घासून गुळगुळीत झालेला कातळ, त्यावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे. बर्फ आणखी पुढे. थंड वारा मात्र थेट अंगावर येत होता, उघड्या फ्रिजसमोर उभं राहिल्यासारखा. मी पाचदहा मिनिटं थांबले. फोटो एकच काढला, पाटीचा.

खाली आले तर दगडावर आई नव्हती. क्षणभर धस्स झालं. मग दिसली, वाटेच्या कडेला, पाटीमागच्या एका कॉटनवुडला दोन्ही हातांनी कवेत घेऊन, गाल खोडावर टेकवून उभी. बोटं पलीकडे जेमतेम एकमेकांना लागत होती.

"माझ्याहून लहान आहे गं हे," ती म्हणाली. "इथलं सगळंच माझ्याहून लहान आहे."