चप्पल काढून बसू नकोस

आमचं मेडिकल नाशकात, पंचवटीत. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी सुरू केलेलं. लग्नानंतर माझं डी.फार्म कामाला आलं आणि मी गल्ल्यावर बसले ती बसलेच. माल गोळे कॉलनीतून, तिथे औषधांचा ठोक बाजार आहे. तिथल्या पहिल्याच फेरीत आण्णांनी शिकवलं, स्टॉकिस्टकडे रेट बोलताना चप्पल काढून आत बसायचं नाही, दारातच उभं राहायचं. "एकदा बसलीस, चहा घेतलास, की उठवत नाही. आणि तू उठणार नाहीस हे त्याला कळलं, की रेट संपला."

२०१८च्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून भाचीचा फोन. तिला लहानपणापासून इन्शुलिन. नोकरी बदलताना मधले दोन महिने विमा नव्हता आणि दुकानदाराने एका व्हायलचे पावणेतीनशे डॉलर सांगितले. "आत्या, तुझ्याकडे केवढ्याला आहे गं?"

आमच्या फ्रिजमध्ये साध्या ह्यूमन इन्शुलिनची व्हायल दीडशे रुपयांच्या आसपास होती. पण ते तिचं औषध नव्हे, ती लिस्प्रो नावाचं वेगळं इन्शुलिन घेते. शिवाय आपल्याकडची ही व्हायल एका मिलीला ४० युनिटची, त्या व्हायलची सिरिंज लाल टोपीची. तिकडे १०० युनिट, नारिंगी टोपी. नारिंगी सिरिंजमध्ये आमचं इन्शुलिन वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जाणार आठच युनिट. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, मग झोपले. शेवटी दादा तिकडे निघालाच होता. तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवली आणि लिस्प्रोचीच १०० युनिटची कार्ट्रिजं थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागणार नाहीत अशी बांधून दिली.

त्याच आठवड्यात लीड्सहून वन्संचा फोन. त्यांनाही इन्शुलिन आहे. सहज विचारलं, केवढ्याला पडतं? त्यांना प्रश्नच कळेना. इंग्लंडमध्ये आज एका औषधामागे ९.९० पौंड भरावे लागतात, पण इन्शुलिनवाल्यांना तेही माफ. वन्संना किंमत माहीतच नव्हती.

अमेरिका काय, इंग्लंड काय, दोन्ही पैसेवाले देश. मग एवढा फरक कसा? कंपन्या म्हणतात, संशोधनाचा खर्च अमेरिका उचलते. नव्या औषधांपुरतं त्यात तथ्य आहे, कंपन्यांचा मोठा नफा तिथूनच येतो. पण इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत सापडलं आणि शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. भाचीची लिस्प्रो १९९६ साली बाजारात आली तेव्हा व्हायल २१ डॉलरची होती. २०१७पर्यंत तीच व्हायल २७५च्या घरात गेली. आत औषध तेच, काही बदललं नव्हतं.

मला वाटतं, प्रश्न आण्णांच्या चपलांचा आहे. इंग्लंडमध्ये सगळ्या देशासाठी एकच गिऱ्हाईक बोलतं. नाइस नावाची संस्था १९९९पासून हिशोब मांडते, की या औषधाने आयुष्याची किती बरी वर्षं मिळतात आणि प्रत्येक वर्षाला किती पौंड पडतात. परवडलं नाही तर सरळ नाही म्हणते. जर्मनीत २०११पासून नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर जुन्याचाच भाव. अमेरिकेत मात्र २००३च्या कायद्यात लिहूनच ठेवलं, की ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यासाठी सरकारने भाव करायचा नाही. म्हणजे गिऱ्हाईकाने चप्पल बाहेर काढली आणि कुणी ती लपवूनही ठेवली. तो कायदा २०२२ साली बदलला. घासाघीस केलेल्या पहिल्या दहा औषधांचे भाव जानेवारी २०२६पासून लागू.

उठून जाणं फुकट नसतं, हेही खरं. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं निकामी करणाऱ्या जन्मजात आजारावरच्या ऑरकॅम्बी या औषधाला नाइसने २०१६ साली नकार दिला. वर्षाला लाखभर पौंड किंमत होती. सौदा जुळायला २०१९चा ऑक्टोबर उजाडला. तीन वर्षं आईबाप मोर्चे काढत होते आणि पोरांची फुप्फुसं काही थांबत नव्हती.

आणि अमेरिकेत सगळंच महाग, असंही नाही. २०२२च्या आकड्यांवरून रँड या संस्थेने काढलेला हिशोब असा, की ब्रँडेड औषधं तिथे इतर श्रीमंत देशांच्या चौपटीहून महाग, पण जेनेरिक उलट स्वस्त, दोनतृतीयांश भावात. जेनेरिकच्या दारात पाच विकणारे उभे असतात ना!

आता आमच्या धंद्यातलं सांगते, कारण तिथली गोम मला त्यामुळेच कळली. तिकडे कंपनी आणि विमा यांच्यामध्ये दलाल बसलेत. त्यांतल्या तीन मोठ्यांच्या हातातून ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रिस्क्रिप्शनं जातात. छापील किंमत जेवढी मोठी, तेवढी मागल्या दाराने मिळणारी सूट मोठी. विमा नसलेल्याच्या वाट्याला छापील किंमतच. वाचून मला हसू आलं. गोळे कॉलनीत काय वेगळं चालतं? सारख्याच दोन गोळ्या, एकीवर एमआरपी ४०, दुसरीवर ११८, आणि दुकानदाराला दोन्ही पंधरा-वीस रुपयांतच. काउंटरवर कुठली पुढे सरकते ते सांगायला नको.

२०२३ साली लिली या कंपनीने भाचीच्या इन्शुलिनची छापील किंमत सत्तर टक्क्यांनी उतरवली आणि महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला. भाचीने पावतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मग इतकी वर्षं कशाचे घेत होते गं?"

मेसेज आला तेव्हा मी गोळे कॉलनीतच होते, दारात, चप्पल पायात. स्टॉकिस्टचा पोरगा नवीन गॅसची गोळी दाखवत होता. एमआरपी ११८, आपल्याला १९, वर दहावर तीन फुकटची स्कीम. मी फोन पर्समध्ये टाकला. दोन बॉक्स घेतले.