पणती डावीकडे की उजवीकडे?

दसऱ्याला आठ दिवस होते. डोंबिवलीच्या काकूचा दिवाळी फराळाचा घरगुती व्यवसाय आहे आणि तिची वेबसाइट मी सांभाळतो. म्हणजे दिवसा एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये व्हाउचर तपासतो आणि रात्री जेवणं आटोपली की काकूच्या साइटवर बसतो. मोबदला अनारशांत मिळतो.

साइटवरचं दरपत्रक हे एक चित्र आहे. दर साध्या अक्षरांत लिहू, असं मी दरवर्षी सुचवतो. पण काकूला वर तोरण, कोपऱ्यात पणती असं कार्डच हवं असतं. "साध्या यादीवरून कोणी करंज्या घेत नाही रे," हे तिचं ठरलेलं उत्तर.

यंदा तेल आणि डाळी महागल्या, म्हणून चकली 460 वरून 520 वर गेली, बाकीचेही दर थोडेफार वाढले. शुक्रवारी रात्री नवं कार्ड तयार केलं. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. त्याच्या मीडिया लायब्ररीत, म्हणजे चित्रांच्या कपाटात, त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली, तर ती जुनीच्या जागी बसत नाही. नावाला '-1' लागून वेगळी फाइल तयार होते. हे चित्र साइटच्या पाच पानांवर होतं, आणि पाचही पानं उघडून बदलायचा मला कंटाळा. म्हणून होस्टिंगच्या, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते तिच्या, फाइल मॅनेजरमध्ये शिरलो आणि जुन्या फाइलवर थेट नवी टाकली. रात्रीचे अकरा वाजले होते. फोनवर पाहिलं, चकली 520. झोपलो.

सकाळी सातला काकूचा फोन.

"अरे, नाशिकच्या बाईंनी चार किलो चकली सांगितली, 460 नं. म्हणतात, साइटवर तसंच लिहिलंय. मी बघितलं, तर खरंच तसंच आहे!"

"काकू, माझ्याकडे 520 दिसतंय."

"मग त्यांना तुझ्याकडून घ्यायला सांगू का?"

होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर विचारलं. 'तुमच्या बाजूने कॅश क्लिअर करा', म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती पुसा, असं उत्तर आलं, जे त्यांनी माझा प्रश्न वाचायच्या आधीच टाइप करून ठेवलं असावं. प्रश्न माझ्या बाजूचा नव्हताच. काकूच्या फोनवर आणि नाशिकच्या बाईंच्या फोनवर काय दिसतं, हा होता. आणि मी प्रत्येकाच्या घरी जाऊन, साठवलेलं सोडून पान नव्याने आणायला लावणारं कंट्रोल-एफ5 दाबणार नव्हतो. फोनवर ते बटण नसतंही.

दुसरी अडचण अशी, की काकूच्या फोनवर कार्डातले आकडे मुंगीएवढे दिसतात. चष्मा शोधा, चित्र मोठं करा, मग आकडा वाचून दाखवा, यात दहा मिनिटं जायची. म्हणून मी कार्ड पुन्हा उघडलं, डाव्या कोपऱ्यातली पणती उचलून उजव्या कोपऱ्यात ठेवली आणि फाइल परत त्याच नावाने टाकली. आता फोनवर एवढंच विचारायचं, पणती कुठे आहे?

काकूकडे डावीकडे. अपेक्षितच होतं. पण माझ्या फोनवर दर 520, आणि पणती मात्र डावीकडे! म्हणजे काकूला गेल्या वर्षीचं कार्ड दिसत होतं आणि मला काल रात्रीचं. आज सकाळचं कुणालाच नाही. एकाच पानावर दोन माणसांना दोन वेगवेगळी शिळी कार्डं दिसतात, तेव्हा शिळं वाढणारेही एकापेक्षा जास्त असणार, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

लॅपटॉपवर पान उघडून चित्रावर राइट क्लिक केलं आणि चित्राचा पत्ता पाहिला. पत्त्यात पर्यायी फाइलींची रांगच होती. वर्डप्रेस एक चित्र चढवलं की त्याच्या लहान-मोठ्या प्रती आपणहून करून ठेवतं. माझं मूळ कार्ड 1448 बाय 2048 पिक्सेलचं. त्याच्या 212 बाय 300, 724 बाय 1024, 768 बाय 1086 अशा प्रती शेजारीच पडलेल्या होत्या, प्रत्येकीच्या नावाला तिचं माप चिकटवलेलं. पानाच्या कोडमध्ये या सगळ्यांची यादी असते आणि कुठली उचलायची ते ब्राउझर पडद्याच्या मापावरून ठरवतो. माझ्या फोनचा पडदा दाट पिक्सेलचा, त्याने मूळ मोठी फाइल घेतली. काकूच्या जुन्या फोनने 724 वाली घेतली. मी बदलली होती फक्त मोठी. धाकट्या सगळ्या गेल्या वर्षीच्याच होत्या.

मग एक साधी युक्ती केली. चित्राचा पत्ता ब्राउझरमध्ये घेऊन शेवटी प्रश्नचिन्ह लावून काहीतरी लिहायचं, समजा व्ही बरोबर 2 (?v=2). बहुतेक ठिकाणी तो नवाच पत्ता समजला जातो. त्याची साठवलेली प्रत कुणाकडेच नसते, म्हणून मागणी थेट सर्व्हरपर्यंत पोचते. 724 वाली फाइल अशी उघडली, तर 460. म्हणजे सर्व्हरवरच जुनी. मोठी फाइल अशी उघडली, तर 520 आणि पणती उजवीकडे, अगदी ताजी. तीच मोठी फाइल प्रश्नचिन्हाशिवाय इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे आधीचं साठवलेलं काहीच न वापरणाऱ्या खिडकीत, उघडली, तर पणती डावीकडे. सर्व्हर ताजं देतोय, ब्राउझर कोरा आहे, तरी मधला कुणीतरी कालचं वाढतोय.

एफ12 दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये त्या फाइलची हेडर्स, म्हणजे फाइलबरोबर येणाऱ्या सूचना, पाहिली. प्रत मध्ये किती वेळ पडून आहे ते सांगणाऱ्या 'एज' या हेडरसमोर 34200 लिहिलं होतं. सेकंदांत. तासांत केलं तर साडेनऊ. घड्याळात सकाळचे साडेआठ वाजले होते. साडेनऊ तास मागे गेलं की रात्रीचे अकरा, म्हणजे मी झोपण्यापूर्वी फोनवर पाहिलं तो क्षण. दिवसभर व्हाउचरची बेरीज जुळवणाऱ्याला एवढा आनंद क्वचितच मिळतो.

तो मधला कुणीतरी म्हणजे सीडीएन. जगभरातल्या आपल्या सर्व्हरांवर चित्रांच्या प्रती ठेवून, मागणाऱ्याला त्यातल्या त्यात जवळून देणारी सेवा. मोठी फाइल आधी फारशी कुणी मागत नसावं, म्हणून रात्री मी मागितल्यावर तिने सर्व्हरवरून नवी आणली आणि ठेवून घेतली. सकाळी मी खाली फाइल बदलली, याची तिला खबर कशी असणार?

आता क्रम महत्त्वाचा होता. आधी सीडीएन साफ केलं असतं, तर तिने सर्व्हरवरच्या जुन्या धाकट्या प्रती परत उचलल्या असत्या. म्हणून पहिल्यांदा थंबनेल, म्हणजे या धाकट्या प्रती, पुन्हा बनवायचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) चालवलं आणि सगळ्या मापांच्या प्रती नव्या केल्या. प्रश्नचिन्ह लावून तपासल्या. मग सीडीएनच्या पॅनलमध्ये पर्ज केलं, म्हणजे तिने साठवलेलं पुसायला सांगितलं. पहिल्यांदा फक्त मोठ्या फाइलचा पत्ता दिला, ही चूक. तिच्या दृष्टीने प्रत्येक माप हा वेगळा पत्ता असतो. मग सगळंच पर्ज केलं. इनकॉग्निटोत पणती उजवीकडे आली.

काकूला फोन केला. "डावीकडेच आहे," काकू शांतपणे म्हणाली. मागून कढईत तळणाचा आवाज येत होता.

आता उरला होता तिच्या फोनमधला ब्राउझर. आणि इथे गुन्हेगार मीच निघालो. मागे साइट हळू आहे म्हणून मी एक वेगाचं प्लगइन बसवलं होतं आणि त्यातले सगळे हिरवे टिक मारले होते. त्याने चित्रांबरोबर 'मॅक्स-एज 31536000' असा निरोप पाठवायला सुरुवात केली होती. 31536000 सेकंद म्हणजे बरोबर 365 दिवस. एकदा चित्र उतरवलं की वर्षभर विचारायलाही येऊ नकोस, असं मी स्वतः काकूच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनना सांगून ठेवलं होतं. ब्राउझर विचारायला आला असता, तर 'बदललेलं नाही' किंवा 'हे घे नवं' यातलं एक उत्तर त्याला मिळालं असतं. पण तो येणारच नव्हता, आणि इथून त्याला हाक मारायची सोय नाही.

तेव्हा जे काम कंटाळा करून टाळलं होतं, तेच करावं लागलं. कार्डाच्या फाइलच्या नावात तारीख घातली, नव्याने चढवली आणि पाचही पानं उघडून चित्र बदललं. नाव नवं, त्यामुळे पत्ता नवा, त्यामुळे कुणाकडेच जुनी प्रत नाही. वर्षभर साठवा आता खुशाल. एवढं मात्र पाहिलं, की पानं स्वतः अशी साठून राहणार नाहीत. पानच शिळं राहिलं तर त्यात जुन्या चित्राचाच पत्ता असणार. प्लगइनमधली पानांची कॅश रिकामी केली आणि पानांसाठी 'नो-कॅश' लावलं. हे नाव फसवं आहे. साठवू नका असा त्याचा अर्थ नाही. साठवा, पण वापरण्याआधी एकदा विचारा, असा आहे. अजिबात साठवू नका यासाठी 'नो-स्टोअर' हा वेगळा शब्द आहे.

काकू म्हणाली, "उजवीकडे आली." न्यू जर्सीच्या ताईला मेसेज टाकला, तिथेही उजवीकडे. नाशिकच्या बाईंना काकूने 460 नंच दिलं, तो विषय तिने माझ्यापुढे वाढवला नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूकडे डबे भरायला गेलो होतो. ठाण्याचे एक गृहस्थ दारात आले आणि फोन पुढे करून म्हणाले, चकली 460 आहे ना? मी घाईने त्यांचा फोन पाहिला. साइट नव्हतीच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या वर्षी आलेलं कार्ड त्यांनी गॅलरीत जपून ठेवलं होतं.

काकूने चष्मा न लावताच लांबून एक नजर टाकली. "पणती डावीकडे आहे," ती म्हणाली, "ते गेल्या वर्षीचं."