बर्फावर उतरण्याआधीचे दोन महिने

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या मांड्यांनी हात टेकले. वेग आवरण्यासाठी नवशिक्याला स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून, गुडघे वाकवून उभे राहावे लागते. या स्थितीला तिथे स्नोप्लाउ म्हणतात. तिच्यात मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच भार पेलत असतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या, धुळ्यात वयाची 43 वर्षे काढलेल्या माणसाला या कामाची सवय असण्याचे काही कारण नव्हते. त्यामुळे यंदा पुन्हा जाण्याचे ठरले तेव्हा नोव्हेंबरातच तयारीला लागलो आणि त्या तयारीत खेळाडूंसाठीच्या मालीशचा समावेश केला.

मालीश आमच्याकडे नवीन नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या आधी पहिलवानांना तेल लावणारे एक आप्पा आमच्या गल्लीत राहतात. थंडीत त्यांची तिळाच्या तेलाची बाटली सकाळभर ओट्यावर उन्हात ठेवलेली असते. पहिल्यांदा मी त्यांच्याकडेच गेलो. बर्फावर घसरण्यासाठी कोणी पैसे भरतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही, पण पोटऱ्या चोळता चोळता ते म्हणाले, “तेल मी लावसू, पन बैठका तुलेच मारन्या पडतीन.” पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी अर्धा तास खर्चून मला जे समजावले, त्याचे सार या एका वाक्यात आले होते.

बाईंनी मला लगेच टेबलावर झोपवले नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, पायावर फुगलेल्या शिरा आहेत का, एखाद्या पोटरीला अकारण सूज किंवा दुखरेपणा आहे का, हे त्यांनी आधी विचारले, कारण शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका असेल तर तिथे मालीश करणे धोक्याचे असते. नंतर त्यांनी मला भिंतीसमोर उभे केले. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचे, अशी ती साधी चाचणी होती. उजवा पाय 10 सेंटिमीटरपर्यंत मागे गेला. डावा 6 सेंटिमीटरवरच अडला. स्कीचा बूट ताठ असतो आणि त्यात नडगी पुढे रेलून उभे राहायचे असते. माझा डावा घोटा पुढे वाकतच नव्हता, म्हणून मी त्या बाजूला कमरेतून मागे झुकत होतो आणि सगळा भार मांडीवर येत होता. गेल्या वर्षी प्रशिक्षक दिवसभर “पुढे झुका” असे का ओरडत होते, ते मला धुळ्यातल्या त्या भिंतीसमोर कळले.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी एक, अशी पाच सत्रे झाली. बाई तेल फार थोडे वापरत, कारण तेल जास्त झाले की बोट घसरते आणि गाठ हाताला लागत नाही. आधी तळहाताने लांब, सावकाश हात फिरवून पाय गरम करायचा, मग स्नायू पिठाच्या गोळ्यासारखा मळायचा आणि शेवटी नेमक्या जागी अंगठा स्थिर ठेवायचा, असा त्यांचा क्रम होता. पोटरीच्या आतल्या थरासाठी त्या गुडघा वाकवून घेत, म्हणजे वरचा स्नायू सैल पडतो आणि अंगठा खोल पोहोचतो. डाव्या पोटरीत हरभऱ्याएवढी एक दुखरी जागा होती. तिच्यावर दाब आला की वेदना टाचेपर्यंत उतरे आणि मिनिटभरात विरून जाई. मालीशने लॅक्टिक आम्ल निघून जाते, असे मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, तेव्हा त्या हसल्या. ते व्यायामानंतर तासाभरात आपोआप ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. मालीशने ते थोडे हलके होते आणि सांधा काही काळ मोकळा राहतो, पण ताकद तिच्यातून येत नाही.

ताकदीसाठी बैठका होत्या, भिंतीला पाठ लावून बसणे होते आणि रविवारी लळिंगचा किल्ला होता. चढण्यापेक्षा उतरण्यावर माझा भर असे, कारण उतरताना मांडी जे काम करते ते स्कीइंगच्या फार जवळचे आहे. सोबतच्या मित्रांचे लक्ष मात्र खाली होणाऱ्या भरीत-पुऱ्यांवर अधिक होते, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

मध्येच एक मूर्खपणा माझ्या हातून घडला. डिसेंबरच्या शेवटी बाई गावाला गेल्या असताना मी अधीरपणे एका मालीश केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने कोपराने दाब दिला, मीही “अजून जोरात” म्हणत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर जांभळे डाग उमटले. चार दिवस बैठका बंद पडल्या. परतल्यावर बाईंनी ते डाग पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “हे प्रवासाच्या आदल्या दिवशी केलं असतं, तर?” खोल दाबाचे शेवटचे सत्र त्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी उरकले आणि तीन दिवस आधी केवळ हलका हात फिरवला.

मनमाडहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत दीड दिवस बसून जायचे होते, म्हणून दर दोन तासांनी मी डब्यात फेऱ्या मारल्या आणि घोटे फिरवत राहिलो. गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर. तिथे पहिल्या दिवशी लागलेल्या धापेवर कोणत्याही मालीशचा इलाज नव्हता. मांड्या मात्र सहाव्या दिवसापर्यंत टिकल्या. रोज संध्याकाळी खोलीत दहा मिनिटे मी पोटऱ्या स्वतःच चोळत असे. पडलो अनेकदा, पण पाय थकल्यामुळे नाही. बहुतेक वेळा डावीकडे वळताना. परत आल्यावर बाईंनी पुन्हा भिंतीसमोर उभे केले तेव्हा डावा पाय 8 सेंटिमीटरपर्यंत गेला. उजव्याशी अजून दोनाचा फरक आहे, आणि पुढच्या सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे.