आकृतीतली छोटी रेघ : माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन

दहावीच्या वर्गाला उत्सर्जन संस्था शिकवताना आकृती ठरलेली असायची. वर दोन वृक्क, त्यांतून उतरलेल्या दोन मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय आणि मूत्राशयाच्या बुडातून निघालेली एक छोटी रेघ. रेघेला ‘मूत्रमार्ग’ असं नाव दिलं की गुण मिळाला. निवृत्तीनंतर माझं जे काही झालं ते सगळं त्या छोट्या रेघेत झालं. आमच्याकडे पुरुष माणूस गुडघेदुखी चारचौघांत सांगतो, लघवीचं मात्र डॉक्टरलाही आडून आडून सांगतो, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

मी अमळनेरचा. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, संपली म्हणून वळावं तर पुन्हा थेंब, हे बरेच दिवस चालू होतं. साठी उलटल्यावर होतंच, असं सगळे म्हणतात. जानेवारीत शेतावर भरिताचा बेत होता. मला सर्दी झालेली, मेडिकलवरून गोळी आणून घेतली होती. रात्री घरी आल्यावर लघवी लागली आणि होईना. कुंथून पाहिलं, नळ सोडून पाहिला, काही नाही. पहाटेपर्यंत ओटीपोट दगडासारखं टणक झालं आणि मी घरभर येरझारा घालतोय. आवाज ऐकून शेजारी आला. ‘‘सर, काय व्हयनं?’’ म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता गाडी काढली.

रिकामा मूत्राशय ओटीपोटाच्या खालच्या हाडामागे, म्हणजे जघनास्थीच्या मागे दडलेला असतो, हाताला लागत नाही. भरत जाईल तसा तो वर पोटात चढतो. साधारण १५० ते २०० मिलिलिटरला पहिली जाणीव होते आणि ४०० ते ६०० मावतं. माझा बेंबीच्या जवळ पोहोचला होता. दवाखान्यात लघवीची नळी टाकायला आलेला ब्रदर माझाच जुना विद्यार्थी निघाला. दोघांनाही क्षणभर काय बोलावं सुचेना. मग तो एकदम कामाला लागला. आधी बधिरीची जेली आत सोडली, थोडा वेळ थांबला, आणि इंद्रिय सरळ वर धरून नळी सरकवायला लागला. पुरुषाचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटिमीटर लांब आणि दोन ठिकाणी वळलेला असतो. वर धरलं की पुढचं वळण सरळ होतं. एका जागी नळी अडली. ‘‘सर, इथं सगळेच आवळतात. मोठा श्वास घ्या आणि लघवी करताना सोडतो तसं सोडा.’’ ही जागा म्हणजे बाहेरचा स्नायू, जो आपल्या ताब्यात असतो. मी सोडलं, नळी पुढे गेली, प्रोस्टेटमधून, म्हणजे मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेल्या ग्रंथीतून जाताना एक खोल कळ आली आणि मग पिशवीत धार लागली. ९०० मिलिलिटर निघालं. इतकं सुख मला पेन्शन सुरू झाल्यावरही वाटलं नव्हतं.

नळी १६ नंबरची होती. तीन नंबरला एक मिलिमीटर हा हिशेब, म्हणजे जाडी पाच मिलिमीटरच्या थोडी वर. आत गेल्यावर तिच्या टोकाचा फुगा १० मिलिलिटर पाण्याने फुगवतात, त्यामुळे ती निसटत नाही. हा फुगा मूत्राशयाच्या तळाशी, अगदी तोंडावर टेकतो, आणि नेमका तोच भाग सगळ्यांत हळवा. त्याला त्रिकोण म्हणतात: वरच्या दोन कोपऱ्यांत मूत्रवाहिन्यांची छिद्रं, खालच्या कोपऱ्यात मूत्रमार्गाचं तोंड. म्हणून नळी असताना मूत्राशय रिकामं असूनही लघवी लागल्यासारखी उबळ येते. मला वाटलं नळी तुंबली. मुलगा दर उबळीला युरोबॅग, म्हणजे लघवी साठायची पिशवी, वर उचलून बघायचा. सिस्टरने त्याला झापलं ते बरंच झालं: बॅग कायम कमरेच्या खाली हवी, वर धरली की आतलं उलटं मूत्राशयात जातं.

जळगावच्या सर्जनकडे गेलो तो पॅसेंजरने, धोतर नेसून. गेल्या कित्येक वर्षांत धोतर फक्त लग्नाकार्यात नेसलो असेन, पण मांडीला बांधलेली बॅग लपवायला त्याच्यासारखं वस्त्र नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६० सीसीच्या पुढे निघालं, तरुणपणी ते २० ते २५ असतं. डॉक्टरांनी मला मास्तर बघून कागदावर काढून दाखवलं. मूत्राशयाखालचा मूत्रमार्गाचा पहिला तीनेक सेंटिमीटरचा भाग या ग्रंथीच्या पोटातून जातो. ग्रंथी वाढली की आतून तो चेपतो. मात्र त्यांनी बोट ठेवलं ते ग्रंथीवर नव्हे, मूत्राशयाच्या भिंतीवर. ती जाड झाली होती. मूत्राशय ही नुसती पिशवी नाही, तिची भिंत म्हणजे स्नायूच. व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून मोटर चालवली की मोटरीवर जोर पडतो, तसं माझं मूत्राशय वर्षानुवर्षं जोर लावत होतं. असंच चाललं तर तो स्नायू थकतो, आणि मग वाट मोकळी करूनही उपयोग होत नाही.

सर्दीच्या गोळीचंही कोडं सुटलं. नाक मोकळं करणारी काही औषधं रक्तवाहिन्या आवळतात, तशीच मूत्राशयाच्या मानेचा आणि प्रोस्टेटचा स्नायूही आवळतात. वाट आधीच अरुंद असेल तर तेवढं पुरतं. टॅमसुलोसिन हे औषध बरोबर उलटं काम करतं, तोच स्नायू सैल सोडतं. ते रात्री जेवणानंतर सुरू झालं. पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी मात्र डॉक्टरांनी मुद्दाम पुढे ढकलली, कारण लघवी तुंबल्यावर आणि नळी टाकल्यावर तो आकडा उगाच वाढलेला येतो. काही दिवसांनी नळी काढून पाहिली. थेंब थेंब झाली, संध्याकाळी पुन्हा तुंबली, नळी परत. मग मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग कापून काढायचं ऑपरेशन ठरलं.

बरोबर आलेल्या सौभाग्यवतींनी माझं संपायच्या आत स्वतःचा प्रश्न काढला: मला वारंवार जळजळ का होते? डॉक्टर म्हणाले, बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटरच, म्हणून जंतूंना आत जायला वेळ लागत नाही. शाळेतल्या मुली मला आठवल्या. संडासात जायला नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि आम्ही त्यांना आकृती गिरवायला लावत होतो.

ऑपरेशन कमरेतून भूल देऊन झालं, त्यामुळे मी जागा होतो. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. आधी त्यांनी मूत्राशय फिरवून दाखवलं. भिंतीवर आडवेतिडवे जाड पट्टे, जोर लावून लावून उठलेले. तळाच्या त्रिकोणाच्या कोपऱ्यात एक बारीक चीर होती. मी बघत असतानाच ती किंचित उघडली, चुळकन धार आली आणि मिटली. मूत्रवाहिनी! फळ्यावर मी ती मूत्राशयाला सरळ जोडून टाकायचो. खरं तर ती भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबाने तीही दबते, आणि लघवी वृक्काकडे परतत नाही. धार येण्याची मी दुसऱ्यांदाही वाट पाहिली.

मग दुर्बीण मागे घेऊन त्यांनी मूत्रमार्गातला एक छोटा उंचवटा दाखवला. कापायचं ते याच्या वरच. याच्या लगेच खाली तो ताब्यातला स्नायू असतो, त्याला धक्का लागला तर लघवी आयुष्यभर गळते. मूत्राशयाच्या मानेचा आतला स्नायू मात्र या ऑपरेशनमध्ये कापला जातो, त्यामुळे पुढे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. हे त्यांनी आदल्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. ही खिडकीबाहेर बघत होती, मी छताकडे. तरी सांगितलं ते योग्यच.

नंतर तीन तोंडांची जाड नळी. एकीकडून सलाइन आत, दुसरीकडून बाहेर. रंग लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखा. काढलेले तुकडे तपासणीला गेले, कर्करोग नाही, साधी वाढच निघाली. पीएसएही पुढे सावकाश केलं, ठीक आलं. नळी निघाल्यावर काही आठवडे लघवी लागली की पळावंच लागायचं, आणि जळजळ. शौचाला जोर करायचा नाही म्हणून रात्री इसबगोल. मध्येच एक दिवस लालसर झाली तेव्हा घरात धावपळ झाली. आतली खपली पडताना असं होतं, पाणी पीत राहा, असं फोनवर कळलं. गाठी पडल्या किंवा थांबली तरच लगेच या.

शेवटच्या भेटीत नरसाळ्यासारख्या यंत्रात लघवी करायला लावली. किमान १५० मिलिलिटर साठेपर्यंत बाहेर बाकावर बसलो. वेग सेकंदाला १८ मिलिलिटर आला, १५ च्या वर असला की चांगला म्हणतात. मूत्राशयाची भिंत मात्र अजून जाडच आहे, ती हळूहळू निवते. त्यामुळे रात्री एकदा उठणं आहे, आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद.