महालमधला वाडा, ६४ बाय ६४

१९९५ च्या मे महिन्यात नागपुरात धंतोलीला मामांच्या घरी, त्यांच्या ३८६ संगणकावर, मी पहिल्यांदा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ खेळले. स्पेस बार दाबला की समोरचे दार बाजूला सरके आणि पलीकडची खोली दिसू लागे. तोवर पाहिलेले सगळे खेळ बाजूने किंवा वरून दिसणारे होते. काचेच्या आत जागा आहे आणि तिथे आपल्याला शिरता येते, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. ‘इड सॉफ्टवेअर’चा हा खेळ १९९२ चा, आणि तो ३८६ च्या आधीच्या २८६ संगणकावरही चालत असे. एवढ्याशा यंत्रात एवढी जागा मावते कशी, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी ठरवले की तसा खेळ आपण स्वतः लिहायचा, त्या काळच्याच यंत्रावर लिहायचा आणि त्यात नागपूरच्या महाल भागातला माझ्या माहेरचा वाडा उभा करायचा. आजच्या लॅपटॉपवर हे काम लवकर झाले असते, पण मग ज्या अडचणींतून हे खेळ घडले, त्या माझ्या वाट्याला आल्याच नसत्या.

कॉटन मार्केटकडच्या एका भंगाराच्या दुकानात २५ मेगाहर्ट्‌झचा ४८६ एसएक्स प्रोसेसर असलेला संगणक मिळाला. “ताई, चालन की नाही त्याची काही ग्यारंटी नाही, बरं,” असे दुकानदाराने आधीच बजावले होते. घरी येऊन उघडला तेव्हा मदरबोर्डवरची बॅटरी गळून तिच्याभोवती निळसर-हिरवे क्षार साचलेले दिसले. ते व्हिनेगरने विरघळवले, अल्कोहोलने पुसले आणि खाऊन गेलेल्या तांब्याच्या एका रेषेच्या जागी बारीक तार डाग देऊन जोडली. हार्ड डिस्क बंदच होती, म्हणून तिच्याऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड लावले. यंत्र सुरू करून देणाऱ्या जुन्या बायोसला ५०४ मेगाबाइटच्या पुढचे दिसत नाही, त्यामुळे कार्डही लहानच घ्यावे लागले. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. कूलरची दमट हवा यंत्राला लागू नये म्हणून मी ते आतल्या खोलीत ठेवले आणि पहाटे काम केले. डॉस ही त्या काळची कार्यप्रणाली सुरू झाल्यावर त्यावर सी भाषेत प्रोग्राम लिहिण्यासाठी टर्बो सी टाकले. कॉलेजात आम्ही त्यावरच शिकलो होतो, त्यामुळे हात लवकर बसला.

‘वुल्फेनस्टाइन’च्या पद्धतीचे मर्म असे आहे. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र हिशेब करू गेल्यास असे यंत्र अडकून पडेल. म्हणून फक्त ३२० उभ्या पट्ट्यांचा विचार करायचा. प्रत्येक पट्ट्यासाठी डोळ्यापासून एक किरण नकाशावर सोडायचा, तो भिंतीला किती अंतरावर लागतो ते मोजायचे आणि अंतर जितके जास्त तितका भिंतीचा पट्टा आखूड काढायचा. नकाशा ६४ बाय ६४ चौकटींचा असल्यामुळे किरण फक्त चौकटींच्या रेषांवर तपासावा लागतो. याची किंमत अशी की सगळ्या भिंती काटकोनात, सगळ्या एकाच उंचीच्या, आणि जमीन सपाट. आमच्या वाड्याच्या भिंती दोन फूट जाड आहेत. मी एक चौकट दोन फुटांची धरली आणि टेप घेऊन सगळा वाडा मोजून काढला. तिरक्या गल्लीला लागून असलेली मागची भिंत मात्र सरळ करावी लागली.

पहिले चित्र उमटले तेव्हा सरळ भिंत मधोमध फुगून पुढे आली होती. दोन रात्री मी गणितातली चूक शोधत राहिले, पण गणित बरोबरच होते. समोरच्या भिंतीचा मधला भाग डोळ्याला सर्वांत जवळ असतो, कडांपर्यंतचे तिरके अंतर अधिक भरते, त्यामुळे कडांचे पट्टे आखूड पडत होते. किरण आणि नजरेची दिशा यांच्यामधल्या कोनाच्या कोसाइनने अंतराला गुणले आणि भिंत ताठ उभी राहिली. त्या एका ओळीने मला जो आनंद दिला, तो इतक्या वर्षांच्या नोकरीत लिहिलेल्या फार थोड्या ओळींनी दिला आहे.

वेग मात्र सेकंदाला जेमतेम तीन चित्रांचा होता. ४८६ एसएक्समध्ये दशांशी आकडेमोडीचा स्वतंत्र भाग नसतो. असा प्रत्येक गुणाकार त्याला लांबच्या वाटेने करावा लागतो. यावरचा उपाय आपल्या हिशेबासारखाच आहे: रुपयांऐवजी पैशांत मोजले की दशांश चिन्ह लागत नाही. मी प्रत्येक अंतर २५६ पटीने वाढवून पूर्णांकात ठेवले. ६४ चौकटींचे १६,३८४ होतात आणि टर्बो सीच्या १६ बिटांच्या पूर्णांकात ते सहज बसतात. साइन, कोसाइन आणि अंतरानुसार उंची यांचे तक्ते आधीच तयार करून ठेवले, त्या काळच्या खेळांप्रमाणे भोवती चौकट घालून चित्र २४० पट्ट्यांचे केले आणि वेग चौदावर गेला. भिंतींच्या कडा अजून किंचित थरथरतात. पहिल्या प्लेस्टेशनवरही आकृतींचे कोपरे पूर्ण ठिपक्यांवरच बसत, म्हणून तिथली चित्रे हलताना अशीच डचमळत. ती थरथर मला आता दोष वाटत नाही. यंत्राचा हात जिथे अपुरा पडला, ती जागा त्यातून दिसते.

मग सागवानी दाराचा आणि चुन्याच्या भिंतीचा फोटो घेऊन दोन्ही ६४ बाय ६४ ठिपक्यांत उतरवले. एकेक चित्र ४,०९६ बाइटांचे. तरीही चौकाचा कोपरा दिसेना, कारण दोन्ही बाजूंचा चुना सारख्याच रंगाचा असल्याने भिंती एकमेकींत मिसळून जात. ‘वुल्फेनस्टाइन’मध्ये एका दिशेच्या भिंती उजळ आणि दुसऱ्या दिशेच्या गडद असतात. मीही तसे केले आणि कोपरा जागेवर आला. दिवा नाही, सावलीचे गणित नाही, तरी ऊन एका बाजूने येते आहे असे डोळा मानून घेतो.

दादाला दाखवायला मी सगळा संच वाड्यावर नेला. तो मोठ्या दारातून आत शिरला, चौक ओलांडला, देवघराकडे न बघताच वळला आणि ओटीच्या टोकाशी थांबला.

“जिना कुठे गेला गं?”

मी त्याला समजावले की या पद्धतीत जमिनीला चढउतार नसतो. पायऱ्या हव्या असतील तर १९९३ च्या ‘डूम’ची रीत घ्यावी लागेल, त्यात नकाशाचे आधीच तुकडे पाडून ते झाडासारखे रचलेले असतात आणि जमीन उंचसखल करता येते. पण खोलीवर खोली ‘डूम’मध्येही नाही. ‘इड’च्या खेळांत ती १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये आली, आणि त्याला दशांशी आकडेमोड वेगाने करणारा पेंटियम प्रोसेसर लागत असे.

“म्हणजे माडी नाहीच?”

“या यंत्रावर नाही, दादा. पण जिना होईल.”

‘डूम’चा मूळ कोड १९९७ च्या डिसेंबरातच सर्वांसाठी खुला झाला आहे, सध्या मी तो वाचते आहे. जिन्याच्या अकरा पायऱ्या मोजून आणल्या आहेत, त्यांतली खालची बाकीच्यांपेक्षा दोन बोटे उंच आहे.